कोडिंगच्या परीक्षेत गुण पडद्याला की फंक्शनला?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात शाळांमधील कोडिंगविषयी बातम्या येतात, तेव्हा प्रयोगशाळा किती झाल्या, संगणक किती आले, कुठल्या मुलांनी कोणता रोबो केला हे वाचायला मिळते. वर्गात मुलांना नेमके काय शिकवले जाते आणि परीक्षेत काय तपासले जाते, यावर मात्र फारसे कोणी लिहीत नाही. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. गोव्यात साखळीला राहते. संध्याकाळी आमच्या घरी आठवी ते बारावीची मुले जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा शिकायला येतात. साखळीची, पाळीची, होंड्याची, आणि वाळपईहून कदंब बस पकडून येणारी एकदोन. या मुलांच्या वह्या, फायली आणि तपासून आलेले पेपर पाहून मनात जे साचले आहे, ते मांडण्यासाठी हे पत्र. विषय तांत्रिक आहे, पण पालकांनाही कळावा अशा बेताने लिहिते. छपाईच्या सोयीसाठी संगणकाच्या आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्ष संगणकावर 'फंक्शन', 'रिटर्न' यांसारखे राखीव शब्द आणि आकडे रोमन लिपीतलेच द्यावे लागतात.

निमित्त झाले एका मुलीच्या प्रात्यक्षिक परीक्षेचे. परीक्षा एका खासगी संस्थेच्या प्रमाणपत्र वर्गाची होती. प्रश्न असा होता : दोन संख्यांची सरासरी काढणारे फंक्शन लिहा. (फंक्शन म्हणजे नाव देऊन ठेवलेली कृती. नावाने बोलावले की ती चालते.) तिने लिहिले ते असे :

फंक्शन सरासरी(अ, ब) {
  रिटर्न (अ + ब) / २;
}

परीक्षकांनी फाइल ब्राउझरमध्ये उघडली. ब्राउझरचा कन्सोल, म्हणजे निकाल छापला जातो ती खिडकी, कोरी. त्यांनी 'आउटपुट नाही' असा शेरा मारला आणि निम्मे गुण कापले. तिच्या शेजारच्या मुलाने लिहिले होते :

फंक्शन सरासरी() {
  कन्सोल.लॉग((१० + २०) / २);
}
सरासरी();

कन्सोल.लॉग म्हणजे कन्सोलमध्ये छापण्याची आज्ञा, म्हणून पडद्यावर १५ दिसले. पूर्ण गुण.

आता दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहा. मुलाच्या फंक्शनला दोन संख्या द्यायची सोयच नाही. ते आज १५ दाखवील, उद्या १५ दाखवील, जन्मभर १५ दाखवील. मुलीचे फंक्शन कोणत्याही दोन संख्या घेते, त्यांची सरासरी काढते आणि रिटर्नने ती ज्याने मागितली त्याच्या हवाली करते. प्रश्नात जे मागितले होते ते तिनेच केले होते. परीक्षकांना 'कन्सोल.लॉग(सरासरी(१०, २०))' एवढी एक ओळ खाली टाइप करायची होती. त्यांनी ती टाकली नाही. ती मुलगी आता प्रत्येक फंक्शनमध्ये कन्सोल.लॉग कोंबते आहे, कारण गुण त्याला मिळतात हे तिला कळून चुकले आहे. माझे दुःख गुणांचे नाही. जे तिला नीट समजले होते ते परीक्षेने तिच्याकडून विसरवून घेतले, याचे आहे.

ही एकट्या परीक्षकाची गोष्ट असती तर मी आपल्या दैनिकाची जागा अडवली नसती. पण माझ्याकडे वेगवेगळ्या शाळांतून, वेगवेगळ्या शिकवण्यांमधून येणारी मुले जवळजवळ एकाच वळणाची फंक्शने लिहितात. आत माहिती विचारायची, आतच हिशेब करायचा, आतच पडद्यावर छापायचे. रिटर्न हा शब्द त्यांच्या वहीत व्याख्येपुरता असतो. 'रिटर्न स्टेटमेंट फंक्शनमधून किंमत परत करते' हे वाक्य सगळ्यांना तोंडपाठ. किंमत म्हणजे इथे फंक्शनने काढलेले उत्तर. परत करते म्हणजे कुठे, कोणाला, आणि त्या किमतीचे पुढे काय करायचे, असे विचारले की वर्ग गप्प.

आमच्या भागात मुलांना काजू कळतो, म्हणून मी काजूचाच हिशेब घेते. किलो आणि दर द्या, पैसे मिळतील असे फंक्शन. मुले पटकन लिहितात :

फंक्शन काजूपैसे(किलो, दर) {
  कन्सोल.लॉग(किलो * दर);
}

४० किलो, दर १५० धरला तर पडद्यावर ६००० येतात. मुले खूश. मग मी म्हणते, परवा ४० किलो घातले, आज २५ किलो घातले, एकूण किती झाले ते संगणकाकडून काढून घ्या. मुले लिहितात :

एकूण = काजूपैसे(४०, १५०) + काजूपैसे(२५, १५०);
कन्सोल.लॉग(एकूण);

पडद्यावर तीन ओळी उमटतात. ६०००, मग ३७५०, आणि त्याखाली 'नॅन'. नॅन म्हणजे 'नॉट अ नंबर', ही संख्याच नव्हे. मुले पुन्हा पुन्हा तपासतात. गुणाकार बरोबर, दोन्ही आकडे डोळ्यांसमोर बरोबर आलेले, आणि बेरीज मात्र होत नाही. याच जागी शिक्षकाने थांबायला हवे. घाईने 'इथे रिटर्न लिहा' असे सांगून पुढे जाऊ नये, कारण फंक्शन म्हणजे काय हे या नॅनमध्येच कळते.

काजू खरेदीच्या काट्यावर ज्यांनी पोती घातली आहेत त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. काट्यावरचा माणूस वजन मोठ्याने ओरडून सांगतो ते सगळ्यांना ऐकू येते, पण खिडकीतला कारकून पैसे देतो ते चिठ्ठी हातात पडल्यावर. ओरडणे म्हणजे कन्सोल.लॉग. चिठ्ठी म्हणजे रिटर्न. वरच्या उदाहरणात दोन्ही वेळा आकडा पडद्यावर ओरडून सांगितला गेला, पण बेरीज करणाऱ्याच्या हातात चिठ्ठी आलीच नाही. जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनने रिटर्न केले नाही तर बोलावणाऱ्याला 'अनडिफाइन्ड' मिळते. अनडिफाइन्ड अधिक अनडिफाइन्ड, उत्तर नॅन. कन्सोल.लॉगच्या जागी रिटर्न घातले की एकूण ९७५० येतात, आणि मधले दोन आकडे पडद्यावर न दिसताही बेरीज चुकत नाही.

एकदा हे बसले की पुढची पायरी मुले स्वतःच चढतात. टेंपोचे भाडे वजा करून हातात किती पडतील? 'हातातपैसे' हे दुसरे फंक्शन पहिल्यालाच बोलावते :

फंक्शन हातातपैसे(किलो, दर, भाडे) {
  रिटर्न काजूपैसे(किलो, दर) - भाडे;
}

४० किलो, १५० दर, ३०० भाडे, तर ५७००. गणिताच्या शिक्षिकेला यात विशेष आनंद होतो, कारण वरच्या वर्गांत शिकवायचे संयुक्त फल ते हेच. एका फलाची किंमत दुसऱ्या फलात घालायची. गणिताच्या वहीत कुणी 'एफ ऑफ तीन' छापा असे म्हणत नाही. त्याची किंमत ९ असेल तर त्या जागी ९ लिहून पुढे जातो. संगणकाच्या वर्गात तीच मुले हे विसरतात, कारण तिथे पडदा समोर असतो.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते, आणि खरे सांगायचे तर या विषयाचा माझा सगळ्यात चांगला तास विजेविना होतो. मुलांनी वहीत पूर्ण ओळ लिहायची. मग 'काजूपैसे(४०, १५०)' एवढा भाग खोडून त्या जागी ६००० लिहायचे. दुसरा खोडून ३७५०. उरले ६००० + ३७५०. तेही खोडून ९७५०. जिथे फंक्शनला बोलावले आहे तिथे त्याने परत केलेली किंमत येऊन बसते, हे पेन्सिलीने खोडताना जितके पक्के होते तितके पडद्याकडे पाहून होत नाही. ज्या फंक्शनमध्ये फक्त कन्सोल.लॉग आहे त्याला खोडून त्या जागी काय लिहायचे, असे विचारले की मुले थांबतात आणि मग हळूच 'अनडिफाइन्ड' लिहितात. तिथे त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसते त्यासाठी मी निवृत्तीनंतरही शिकवते आहे. प्रयोगशाळेत संगणक कमी आहेत अशी तक्रार करणाऱ्या शाळांनी हा तास जरूर घ्यावा. त्याला खडू-फळा पुरतो.

या अनडिफाइन्डची मुलांशी पहिली गाठ आणखी लवकर पडते. क्रोममध्ये एफ१२ दाबून कन्सोल उघडला, तिथे कन्सोल.लॉगने काही छापले, तर छापलेल्या ओळीखाली फिक्या अक्षरांत अनडिफाइन्ड असा शब्द येतो. नवे मूल हमखास विचारते, "टीचर, हें अनडिफाइन्ड खंयच्यान आयलें?" बऱ्याच ठिकाणी उत्तर मिळते, "ते येतेच, तिकडे लक्ष देऊ नको." वास्तविक हा प्रश्न सोन्याच्या मोलाचा आहे. कन्सोलमध्ये जे लिहाल त्याची किंमत काय झाली ते ब्राउझर खाली दाखवतो. दोन अधिक तीन लिहा, ५ दाखवील. कन्सोल.लॉग हेसुद्धा एक फंक्शनच आहे. ते पडद्यावर छापते, पण स्वतः काहीच परत करत नाही, म्हणून त्याची किंमत अनडिफाइन्ड. छापणे आणि परत करणे ही दोन वेगळी कामे आहेत याचा पुरावा पहिल्याच दिवशी मुलासमोर येतो, आणि आपण तिकडे लक्ष देऊ नको म्हणतो!

शिकवायला आणखी तयार उदाहरणे ब्राउझरमध्येच आहेत. 'अलर्ट' चौकट दाखवतो, परत काही करत नाही. 'कन्फर्म' हो-नाही विचारतो आणि खरे किंवा खोटे परत करतो. 'प्रॉम्प्ट' माहिती विचारतो आणि जे टाइप केले ते परत करतो, पण अक्षरांच्या रूपात. म्हणून प्रॉम्प्टने घेतलेल्या ४० आणि २५ यांची बेरीज केली तर ६५ येत नाही, ४०२५ येते. गुणाकार मात्र बरोबर येतो, कारण गुणाकाराच्या वेळी जावास्क्रिप्ट अक्षरांची संख्या करून घेते. तेव्हा फंक्शन परत करते एवढे सांगून भागत नाही. काय परत करते, संख्या की मजकूर, तेही विचारायची सवय लागावी. रुपये दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवायला मुले 'टूफिक्स्ड' वापरतात. ते मजकूर परत करते. ती किंमत फंक्शनमधून तशीच परत केली तर पुढची बेरीज ६०००.००३७५०.०० अशी चिकटून येते. रक्कम संख्या म्हणून परत करावी, सजावट दाखवण्याच्या वेळी करावी.

हा दोष मुलांचा नाही, आणि सर्वस्वी शिक्षकांचाही नाही. राज्यात 'केअर्स' योजनेतून सरकारी व अनुदानित शाळांत सहावीपासून कोडिंग आणि रोबोटिक्स आले. त्याचे मी मनापासून स्वागत करते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांनी सुरुवात एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात तयार झालेल्या, ठोकळे जोडून प्रोग्राम करायच्या स्क्रॅचवर केलेली असते. स्क्रॅच उत्तमच आहे. पण त्यात 'माय ब्लॉक्स'मधून मुलाने स्वतः बनवलेला ठोकळा काम करतो, किंमत परत करत नाही. किंमत देणारे गोल कडांचे ठोकळे स्क्रॅचमध्ये आहेत, पण ते तयार मिळालेले. स्वतः तसा ठोकळा बनवायची सोय नाही. दोनतीन वर्षे 'ठोकळा म्हणजे काहीतरी करून दाखवणारा' एवढेच डोक्यात बसलेले मूल जावास्क्रिप्टकडे येते, तेव्हा रिटर्न ही त्याच्यासाठी अगदी नवी कल्पना असते. तिला एक परिच्छेद आणि एक व्याख्या देऊन आपण पुढच्या धड्याकडे वळतो. शिक्षक प्रशिक्षणात एवढा एक दुवा जरी जोडला तरी बराच फरक पडेल.

दुसरे कारण भाषेच्या स्वभावात आहे. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १९९५च्या मे महिन्यात दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना उभा केला, आणि फंक्शनकडे पाहण्याची दृष्टी स्कीम या जुन्या, गणिताच्या जवळ जाणाऱ्या भाषेकडून घेतली. म्हणजे किंमत देणारे फंक्शन हा या भाषेचा गाभाच आहे. पण चूक झाली तर ती ओरडत नाही. पास्कल भाषेत किंमत देणारे ते फंक्शन आणि नुसते काम करणारे ते प्रोसीजर, अशी नावेच वेगळी होती. जावामध्ये संख्या परत करीन असे वचन देऊन रिटर्न विसरलात तर प्रोग्राम पुढे सरकतच नाही. जावास्क्रिप्ट गुपचूप अनडिफाइन्ड देऊन मोकळी होते. शिकवणाऱ्यानेच इथे डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे. शिवाय भाषेचे जे प्रमाण-विधान आहे, १९९७ साली प्रथम निघालेले एक्मा-२६२, त्यात कन्सोल.लॉग नाहीच. अलर्ट नाही, प्रॉम्प्टही नाही. ही ब्राउझरने पुरवलेली साधने. रिटर्न मात्र भाषेचा स्वतःचा शब्द आहे. आणि आपण परीक्षेत गुण देतो ते ब्राउझरच्या साधनाला!

रिटर्न लिहूनही फसायच्या जागा आहेत. त्यातल्या तीन मी मुलांकडून फळ्यावर करून घेते. पहिली, रिटर्न शब्द एका ओळीवर आणि किंमत खालच्या ओळीवर. जावास्क्रिप्ट रिटर्नपाशीच वाक्य संपले असे धरते आणि अनडिफाइन्ड परत करते. खालची ओळ कधी चालतच नाही. दुसरी, २०१५च्या आवृत्तीत आलेली बाणाची फंक्शने. बाणापुढे थेट किंमत लिहिली तर ती आपोआप परत होते, पण महिरपी कंस घातले की रिटर्न स्वतः लिहावे लागते. यादीवर 'मॅप' चालवताना, म्हणजे यादीतल्या प्रत्येकावर तेच फंक्शन लावताना, मुले कंस घालतात, रिटर्न विसरतात, आणि काजूच्या रकमांच्या यादीऐवजी अनडिफाइन्डची यादी हाती येते. तिसरी सगळ्यात कपटी. 'इफ'मध्ये (अट जुळली तर) रिटर्न आहे, 'एल्स'मध्ये (नाहीतर) राहून गेले. पहिल्या प्रतीच्या काजूला पैसे बरोबर येतात, दुसऱ्या प्रतीला अनडिफाइन्ड. परीक्षकाने एकच उदाहरण चालवून पाहिले तर ही चूक कधीच सापडणार नाही.

कुणी म्हणेल, लहान मुलांना पडद्यावर काहीतरी दिसले तरच गोडी लागते. मान्य. मुलांनी जरूर छापावे, रंगीत छापावे, पान सजवावे. फक्त छापणे फंक्शनच्या बाहेर असू द्या. एक ओळ जास्त लागते, बस. आणि जिथे दाखवणे हेच फंक्शनचे काम आहे, म्हणजे पानावर निरोप झळकवणे, बटणाचा रंग बदलणे, तिथे रिटर्न नसले तरी काही बिघडत नाही. माझा आग्रह हिशेब करणाऱ्या फंक्शनपुरता आहे. सरासरी, व्याज, टक्केवारी, काजूचे पैसे. शाळेच्या प्रश्नपत्रिकेत नव्वद टक्के प्रश्न असलेच असतात असे म्हटले तरी शिक्षक मला खोटे पाडणार नाहीत.

ओघाने एक सांगते. जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनचे आणि त्याला दिलेल्या माहितीचे नाव देवनागरीत ठेवता येते. मी वर लिहिलेले काजूपैसे, किलो, दर ही नावे संगणकावर जशीच्या तशी चालतात. नावात मध्ये जागा सोडायची नाही, एवढेच पथ्य. मराठी माध्यमातून प्राथमिक शाळा केलेल्या मुलांना याचा फार आधार वाटतो. 'ए', 'बी', 'एक्सवायझेड' अशी नावे देणारे मूल स्वतःच्या भाषेत नाव द्यायला लागले की फंक्शन नेमके काय परत करणार याचा आधी विचार करते. पुढे रोमन नावे वापरावी लागतील, त्याला हरकत नाही. पण पहिल्या वर्षी ही मोकळीक कोणत्याही शिक्षकाने नाकारू नये.

आता मागणी. शाळांनी, उच्च माध्यमिक विद्यालयांनी आणि प्रमाणपत्र वर्ग चालवणाऱ्या संस्थांनी प्रात्यक्षिकाची तपासणी बदलावी. प्रश्नात 'फंक्शन लिहा' एवढेच न म्हणता 'दोन संख्या घेऊन त्यांची सरासरी परत करणारे फंक्शन लिहा, फंक्शनच्या आत काही छापू नये' असे स्पष्ट लिहावे. परीक्षकाकडे त्याच्या स्वतःच्या चारपाच ओळी तयार असाव्यात, त्या मुलाच्या फाइलखाली चिकटवायच्या. उदाहरणार्थ :

कन्सोल.असर्ट(सरासरी(१०, २०) === १५);
कन्सोल.असर्ट(सरासरी(-४, ४) === ०);
कन्सोल.असर्ट(सरासरी(७, ८) === ७.५);

उत्तर बरोबर असेल तर काही दिसत नाही, चुकले तर तांबडी ओळ येते. ज्या मुलाने १० आणि २० आतच लिहून ठेवले आहेत किंवा नुसते छापले आहे, त्याचे फंक्शन इथे लगेच उघडे पडते, आणि त्या मुलीसारखे ज्याचे बरोबर आहे त्याला न्याय मिळतो. एका वर्गाच्या फायली तपासायला आज परीक्षक पडद्यावरचे आकडे डोळ्यांनी वाचत बसतात. या पद्धतीत त्यांचाही वेळ वाचेल. छापण्याला, मांडणीला गुण द्यायचे असतील तर वेगळे द्यावेत, कापू नयेत.

पालकांना कोडिंग येत नसले तरी एक परीक्षा घरी घेता येईल. मुलाला सांगा, तुझे हिशेबाचे फंक्शन दोनदा बोलाव आणि दोन्ही उत्तरांची बेरीज करून दाखव. बेरीज आली तर शिकवणी नीट चालली आहे. नॅन आले तर शिक्षकांना भेटून विचारा, भांडण न करता. अनेक शिक्षकांनी हा विषय स्वतःच घाईघाईने उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या प्रशिक्षणात शिकलेला आहे. त्यांना दोष देण्यापेक्षा त्यांच्या हाती नमुना द्यायला हवा.

तसा नमुना मी तयार केला आहे. फंक्शन आणि रिटर्न यावरचे प्रश्न, प्रत्येकाखाली परीक्षकाच्या तपासणीच्या ओळी, आणि विजेविना वहीवर करायची उदाहरणे. डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतील ज्या शाळांना हवा असेल त्यांना तो विनामूल्य देईन, आणि बोलावले तर शिक्षकांसमोर बसून समजावूनही सांगेन. शिक्षण खात्याने येत्या प्रात्यक्षिकांपूर्वी तपासणीविषयी परिपत्रक काढावे, आणि 'आउटपुट नाही' हा शेरा मारण्याआधी फंक्शनला एकदा तरी बोलावून पाहावे, एवढी एक ओळ त्यात घालावी, ही विनंती आपल्या दैनिकामार्फत करते.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
साखळी, गोवा